पहिलं ठरवून केलेलं फोटोशूट कशाचं असावं?

नवी_काच

नमस्कार मंडळी,

सहा महिन्यांपूर्वी कॅमेरा घेतला. सोबत आलेली १८-५५ मिमीची (मिमीचा आकडा लहान तितकी चौकट रुंद) किट लेन्स आणि नंतर घेतलेली ५० मिमी एफ १.८, एवढंच सामान. अ‍ॅपर्चर, शटर, आयएसओ हे त्रिकूट (लेन्सचं भोक किती मोठं, उजेड किती वेळ आत, सेन्सर किती संवेदनशील; एफचा आकडा लहान तितकं भोक मोठं) आता बऱ्यापैकी समजतं. पण आजवर जे दिसेल ते टिपत आले. वेळ काढून, एकच विषय धरून 'शूट' म्हणावं असं एकदाही केलेलं नाही.

आता एका मैत्रिणीने तिच्या संस्थेच्या कार्यक्रमाचे फोटो काढशील का, असं विचारलंय. बंद सभागृह, रंगमंच, भाषणं, थोडं नृत्य. पाच आठवडे हातात आहेत. हो म्हणायची फार इच्छा आहे आणि पोटात गोळाही आलाय.

वाचायला बसलं की प्रकारांची यादी संपत नाही: पोर्ट्रेट, प्रॉडक्ट, लहान मुलं, ग्रूप, निसर्ग, रात्र, रस्ता, मॅक्रो. नवशिक्या माणसाने सुरुवात कुठून करावी? आणि कोणत्या शूटमध्ये नेमकं काय अडतं? जाणकारांनी कृपया स्वतःच्या अनुभवातून सांगावं.

---

उन्हाची_तिरीप

नावांची यादी बाजूला ठेवा. समोर येईल त्या शूटला तीन प्रश्न विचारा. उजेड कुणाच्या हातात आहे? वेळ कुणाच्या हातात आहे? आणि समोरचा विषय कुणाच्या हातात आहे?

टेबलावर ठेवलेली जुनी किटली: तिन्ही तुमच्या हातात. ओळखीच्या माणसाचं खिडकीजवळचं पोर्ट्रेट: उजेड तुमचा, वेळ निम्मी तुमची, चेहरा त्याचा. डोंगर जागचा हलत नाही, पण उजेड आणि वेळ दोन्ही आभाळाची. लहान मूल असेल तर उजेड तुमचा, बाकी सगळं त्याचं. आणि तुम्हाला बोलावलंय तो कार्यक्रम: तिन्ही गोष्टी परक्याच्या हातात. म्हणजे मैत्रिणीने तुम्हाला थेट शेवटच्या पायरीवर उभं केलंय. नाही म्हणू नका, पण पाच आठवड्यांत एकेक गोष्ट हातातून सोडत तिथवर जा.

पहिला आठवडा फक्त वस्तू. चकाकी नसलेली, थोडी खडबडीत वस्तू घ्या. मातीचं भांडं, दोरीचा वेटोळा, काहीही. खोलीतले सगळे दिवे बंद, एकच खिडकी चालू. कॅमेरा ट्रायपॉडवर किंवा पुस्तकांच्या चळतीवर. आता वस्तू हलवू नका, सेटिंग बदलू नका. कॅमेरा घेऊन स्वतः टेबलाभोवती फिरा. खिडकी पाठीशी असताना काढा, बाजूला असताना काढा, समोर असताना काढा. पाठीशी असताना वस्तू चपटी दिसेल, बाजूला आली की पोत उठून दिसेल, समोर आली की कडेला उजेडाची रेघ उमटेल. मग सावलीच्या बाजूला पांढरा पुठ्ठा धरा, नंतर काळा धरा. पांढऱ्याने सावली उघडते, काळ्याने ती आणखी गडद होते. हा काळा पुठ्ठा बहुतेक नवशिके वापरतच नाहीत आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

संध्याकाळी तोच खेळ टेबललॅम्पने करा. दिव्यासारखा लहान उगम असेल तर अंतर दुप्पट केल्यावर वस्तूवर पडणारा उजेड एक चतुर्थांश उरतो, म्हणजे दोन स्टॉप कमी (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). हे वाचून पाठ होतं, पण दिवा अर्ध्या मीटरवरून एक मीटरवर नेऊन बघितलं की हाताला कळतं. एलईडी दिवा असेल तर त्याच्यापुढे थोड्या अंतरावर ट्रेसिंग पेपर धरा आणि सावलीची कड बघा. उगम जितका मोठा आणि जवळ, तितकी सावलीची कड मऊ. सगळ्या स्टुडिओंचा पाया एवढाच आहे.

---

रीळवाला

तीन प्रश्न फार आवडले, पण क्रमाशी असहमत. मी माणसांपासून सुरू करा म्हणेन. वस्तू कंटाळत नाही, अवघडत नाही, "झालं का?" असं विचारत नाही. म्हणून तिच्यासमोर तासभर चाचपडता येतं आणि चाचपडायची सवयच लागते. माझं तसंच झालं. वर्षभर बाटल्या आणि पुस्तकांचे फोटो काढले, आणि पहिल्यांदा खुर्चीवर माणूस बसवला तेव्हा तोंडातून शब्द फुटेना.

छायाचित्रकार यूसुफ कार्श यांनी ३० डिसेंबर १९४१ रोजी कॅनडातल्या ओटावात चर्चिल यांचं पोर्ट्रेट काढलं. चर्चिल नुकतेच संसदेत भाषण करून आले होते, फोटोची कल्पना त्यांना नव्हती आणि वेळ अगदी थोडा मिळाला. सिगार काही ते तोंडातून काढेनात. कार्श पुढे गेले, नम्रपणे माफी मागून सिगार काढून घेतला आणि परत येऊन शटर दाबलं. तो करारी, संतापलेला चेहरा जगाने पाहिला. हे धाडस किटलीपुढे शिकता येत नाही.

---

उन्हाची_तिरीप

@रीळवाला, याच प्रसंगाची दुसरी बाजू बघा. कार्श यांनी दिवे आधीच लावून ठेवले होते. त्या दोनचार मिनिटांत ते उजेडाचा विचार करत बसले असते तर सिगारकडे लक्ष गेलं असतं का? उजेड अंगात मुरला की लक्ष माणसाकडे देता येतं. म्हणून वस्तू आधी, पण वर्षभर नाही. एक आठवडा.

---

रीळवाला

एक आठवडा म्हणत असाल तर मान्य.

---

पांढरा_पुठ्ठा

वस्तूंचा विषय निघालाच आहे तर. पांढऱ्या कागदावर वस्तू ठेवली की फोटोत कागद राखाडी येतो आणि नवशिका कॅमेऱ्याला दोष देतो. कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर समोरचं सगळं मधल्या राखाडीच्या आसपास धरून चालतं, म्हणून पांढऱ्याला ते खाली ओढतं आणि काळ्याला वर. पांढऱ्या पार्श्वभूमीला एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरच्या हिशोबापेक्षा उजेड कमी-जास्त करणं) +१ ते +२ स्टॉप द्या, काळ्याला उणे. ही गोष्ट पुढे कार्यक्रमातही लागेल, काळ्या पडद्यापुढे उभ्या वक्त्यासाठी.

काच आणि धातू सध्या बाजूला ठेवा. तिथे तुम्ही वस्तूचा फोटो काढत नसता, वस्तूत दिसणाऱ्या खोलीचा काढत असता. काचेचा फक्त एक प्रयोग सांगतो: पेल्याच्या मागे मोठा उजळ पांढरा पडदा ठेवा आणि दोन्ही बाजूंना, चौकटीच्या जरा बाहेर, काळे पुठ्ठे उभे करा. पेल्याच्या कडा काळ्या रेघेने आखल्यासारख्या दिसतील. उलट केलं, म्हणजे मागे काळं आणि कडेने उजेड, तर कडा पांढऱ्या उमटतात.

---

नवी_काच

वाचनखूण साठवली! आज संध्याकाळीच दिवा-पुठ्ठा सुरू करते.

पोर्ट्रेटबद्दल एक अडचण विचारते. भावाचे फोटो काढले तर त्याचं नाक मोठं दिसलं. किट लेन्स १८ वर होती. लेन्स वाईट आहे का? आणि ५० मिमीवर एफ १.८ ला काढले तर एक डोळा स्पष्ट, दुसरा धूसर.

---

काजळरेघ

'तू' म्हटलं तर चालेल ना? पोर्ट्रेट हा माझा जीव की प्राण विषय आहे, त्यामुळे लांबलचक लिहिणार आहे.

नाकाचा दोष लेन्सचा नाही, अंतराचा आहे. १८ मिमीवर चेहरा चौकटीत भरायला तू अगदी जवळ गेलीस. तिथून नाक कानाच्या मानाने बरंच जवळ असतं, म्हणून मोठं दिसतं. दीड-दोन मीटर मागे उभी राहा आणि तिथून चौकट भरेल अशी लेन्स लाव. आधी अंतर ठरतं, मग लेन्स. तुझा कॅमेरा एपीएस-सी, म्हणजे फुल-फ्रेमपेक्षा लहान, सेन्सरचा असणार, त्यावर ५० मिमी साधारण ७५ ते ८० मिमीसारखी वागते. पोर्ट्रेटला उत्तम.

आता धूसर डोळा. दीड मीटरवरून ५० मिमी, एफ १.८ ला तुझ्या सेन्सरवर स्पष्टतेची खोली (पुढे-मागे जेवढं स्पष्ट येतं ते अंतर) जेमतेम सहा सेंटिमीटर असते. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंतचं अंतर त्याहून जास्त. मान जरा वळली की एक डोळा बाहेर गेलाच. एफ ४ वर ये, खोली चौदा सेंटिमीटरच्या जवळ जाते. आणि फोकस नेहमी कॅमेऱ्याला जवळच्या डोळ्यावर. एफ १.८ घेतलीय म्हणून कायम १.८ लाच वापरायची, हा मोह मलाही होता. पार्श्वभूमी धूसर करायची तर माणसाला भिंतीपासून दोन-तीन मीटर पुढे आण, अ‍ॅपर्चर फार न उघडताही काम होतं.

खिडकीशी बसव, पण खिडकीकडे तोंड करून नको. चेहरा साधारण ४५ अंशांत वळू दे, म्हणजे लांबच्या गालावर थोडी सावली राहते. डोळ्यांत खिडकीचं छोटं चांदणं दिसतंय का बघ. ते नसेल तर डोळे विझल्यासारखे वाटतात. घरातले पिवळे दिवे बंद कर. दिवसाचा उजेड साधारण ५५०० केल्विन (उजेडाच्या रंगाचं माप, आकडा मोठा तितका निळसर) आणि पिवळा बल्ब २७०० च्या आसपास. एक गाल निळसर आणि दुसरा नारिंगी झाला की कुठल्याच व्हाइट बॅलन्सने (उजेडाचा रंग सुधारणारी सेटिंग) दोन्ही एकदम सुधारत नाहीत.

आणि सगळ्यांत मोठं: हाताला काम दे. माणूस कॅमेऱ्यापुढे अवघडतो तेव्हा पहिले हात अवघडतात, मग खांदे, मग जबडा. "सहज बस" असं सांगून कुणी सहज बसत नाही. त्याला काहीतरी सोडवायला दे, पुसायला दे, शिवायला दे. बोलत राहा. कॅमेऱ्याच्या पडद्यात डोकं घालून गप्प बसलीस तर समोरच्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकतंय. पहिले दहा-पंधरा फोटो वाया जाणार हे धरून चाल. ते त्याच्यासाठी असतात, तुझ्यासाठी नाहीत.

---

मधली_रांग

ग्रूप फोटोबद्दल कुणी काही बोललं नाही. कार्यक्रमात तो हमखास काढायला लावतात आणि तो सोपा वाटतो, म्हणून लिहिते.

डोळे मिटण्याचा प्रश्न. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या संशोधनसंस्थेतल्या पिअर्स बार्न्स आणि निक स्वेन्सन यांनी याचं गणित मांडलं आणि २००६ साली त्यांना त्यासाठी इग नोबेल (हसवणाऱ्या आणि विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचा पुरस्कार) मिळालं. त्यांचा ढोबळ नियम असा: वीसपेक्षा कमी माणसं असतील तर चांगल्या उजेडात संख्येला तीनने भागा, कमी उजेडात दोनने. तितके फोटो काढले की निदान एकात सगळ्यांचे डोळे उघडे मिळण्याची जवळजवळ खात्री. बारा जणांना उजेडात चार, सभागृहात सहा. मी याहून दोन जास्तच काढते.

रांगा एकमेकींना चिकटून. मागचा माणूस दोन पुढच्यांच्या मधल्या फटीत, प्रत्येकाला विचारा "तुम्हाला लेन्स दिसते का?" लेन्स दिसत असेल तर तो फोटोत येतो. एफ ५.६ किंवा ८, फोकस पुढच्या रांगेवर. १८ मिमीने अगदी कडेच्या माणसांचे चेहरे ताणले जातात. मागे सरकायला जागा असेल तर ३५ वर काढा.

---

पाळणा

लहान मुलांचं शूट हे माझं रोजचं काम आहे. नवशिक्यांना एक गोष्ट हात जोडून सांगते.

नवजात बाळ हनुवटीखाली हात घेऊन डोकं पेलतंय, असे फोटो तुम्ही पाहिले असतील. बाळ असं डोकं पेलू शकत नाही. ते दोन फोटो जोडून केलेले असतात: एकात मोठ्या माणसाच्या हाताने डोकं धरलेलं, दुसऱ्यात मनगटं धरलेली, आणि नंतर संगणकावर ते हात पुसलेले. हे माहीत नसलेल्या कुणीही घरी करून बघू नये. बाळ पाठीवर, सपाट गादीवर, आईच्या कुशीत, एवढं पुरेसं आणि सुंदर असतं. खोली उबदार ठेवा. वरून फोटो काढत असाल तर कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात हवाच, आणि बाळाच्या हाताच्या अंतरावर एक मोठं माणूस सतत हवं. बाळ रडलं की शूट थांबतं. त्याला भूक लागली, झोप आली, तर तुमची यादी रद्द.

चालती-बोलती मुलं असतील तर गुडघ्यांवर या, हवं तर पोटावर झोपा. उभ्याने खाली बघून काढलेल्या फोटोत मूल म्हणजे नुसतं डोकं आणि पाय. शटर १/२५० च्या खाली नको, पळत असेल तर १/५००. वीस-पंचवीस मिनिटांत सगळं आटपा. आणि फोटो कुठेही टाकण्याआधी आईवडिलांना विचारा, दर वेळी.

---

तिसरा_पाय

रात्र आणि निसर्ग माझ्याकडे. हे पाच आठवड्यांच्या वाटेत येत नाही, पण शटर काय करतं ते शिकायला यासारखं दुसरं काही नाही.

छायाचित्रणाच्या आद्य शोधकांपैकी लुई दागेर यांनी १८३८ च्या सुमारास पॅरिसमधला एक रस्ता वरून टिपला. एक्स्पोजर काही मिनिटांचं होतं. वर्दळीचा रस्ता, पण चित्रात तो ओस दिसतो, कारण चालणारं काहीच प्लेटवर उमटलं नाही. उमटला तो बूट पॉलिश करून घेणारा एक माणूस. तो तेवढा वेळ जागच्या जागी उभा होता. फोटोत आलेल्या अगदी पहिल्या माणसांत त्याची गणना होते.

तुम्हीही करून बघा. ट्रायपॉड, आयएसओ १००, एफ ११, दोन सेकंदांचा टायमर म्हणजे बटण दाबताना कॅमेरा हलणार नाही, आणि ट्रायपॉडवर स्थिरीकरण बंद. वाहतं पाणी १/५०० ला काचेच्या तुकड्यांसारखं, अर्ध्या सेकंदाला रेशमासारखं. सूर्य मावळल्यावर पेटी आवरू नका, खरी मजा त्यानंतरच्या वीस-तीस मिनिटांत असते. आभाळ गडद निळं असतं, दिवे लागलेले असतात आणि दोघांचा उजेड जवळजवळ सारखा येतो.

ताऱ्यांसाठी ५०० चा नियम: ५०० ला लेन्सच्या फुल-फ्रेम तुल्य मिमीने भागा, येतील तितके सेकंद. तुमच्या १८ मिमीला १.५ ने गुणलं तर २७, म्हणजे साधारण १८ सेकंद. त्यापुढे तारे रेघोट्या होतात. मला तर १२-१३ सेकंदच बरे वाटतात. आणि चंद्राला मात्र लांब एक्स्पोजर देऊ नका. रात्र आपल्याकडे असते, चंद्रावर ऊन पडलेलं असतं. पूर्ण चंद्राला आयएसओ १००, एफ ११, १/१०० पासून सुरुवात करा. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांना १९४१ साली न्यू मेक्सिकोत एका गावावर उगवलेला चंद्र टिपायचा होता आणि लाइट मीटर सापडेना, उजेड तर निसटत चाललेला. चंद्राची दीप्ती त्यांना पाठ होती, तिच्यावरून त्यांनी एक्स्पोजर काढलं.

---

पानगळ

मॅक्रोसाठी दोन ओळी. वस्तू आणि सेन्सरवरची तिची प्रतिमा एकाच मापाची, म्हणजे १:१, हे खरं मॅक्रो. तिथे स्पष्टतेची खोली मिलिमीटरमध्ये मोजावी लागते, श्वास घेतला तरी फोकस सुटतो. वारा पडलेली सकाळ निवडा.

पक्ष्यांबाबत एवढंच: घरट्यांचे फोटो नकोत. आपण जवळ गेलो की पालक पक्षी उडून जातात, अंडी उघडी पडतात. एका फोटोसाठी हे फार झालं.

---

वळणावरचा

रस्त्यावरचे फोटो काढायला मला सगळ्यात जास्त आवडतं. लांबची लेन्स लावून लपून काढा, म्हणजे माणसं सहज मिळतात, असा सल्ला देईन.

---

रीळवाला

@वळणावरचा, इथे मात्र कडाडून विरोध. लपून काढलेल्या फोटोत लपणं दिसतं. छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी बहुतेक काम ५० मिमीवर केलं, म्हणजे ते माणसांच्या जवळ होते. डोरोथिया लँग यांनी १९३६ मध्ये कॅलिफोर्नियात स्थलांतरित आईचा तो प्रसिद्ध फोटो काढला, तेव्हा त्या एकेक फ्रेमला जवळ सरकत गेल्या. मला वाटतं नजर मिळाली की हसावं, कॅमेरा दाखवावा, समोरच्याने मान हलवली तर सोडून द्यावं. लहान मुलं, आजारी माणसं, असहाय अवस्थेतली माणसं, यांच्यावर कॅमेरा रोखूच नये.

---

वळणावरचा

सुरुवातीला माझ्यात जवळ जायचं धैर्य नव्हतं, म्हणून लांबची लेन्स घेतली आणि तीच सवय झाली. तुमचा मुद्दा मनाला लागला. पुढच्या वेळी ३५ मिमी एकटीच घेऊन बाहेर पडतो. नव्या लोकांसाठी: फोटो छापण्याचे आणि विकण्याचे नियम देशागणिक वेगळे आहेत, ते वाचून घ्या.

---

दोन_कार्डं

आता कार्यक्रम. सतरा वर्षं हेच करतोय.

आधी मैत्रिणीला विचारा, तुमच्याशिवाय आणखी कुणी फोटो काढणार आहे का. असेल तर आनंदाने हो म्हणा. नसेल तर स्पष्ट सांगा की मी शिकते आहे, मुख्य जबाबदारी दुसऱ्याला दे, मी सोबत काढीन. यात कमीपणा नाही. त्या संस्थेचा तो दिवस परत येणार नाही, आणि लग्नासारख्या शूटला तर हे शंभरपट खरं.

माझा तिसराच कार्यक्रम होता. सगळे फोटो एकाच मेमरी कार्डावर. घरी येऊन कार्ड लावलं तर ते उघडेना. सॉफ्टवेअर लावून अकरा फोटो मिळाले, त्यातला एकही मुख्य क्षणाचा नव्हता. ज्यांनी विश्वासाने बोलावलं त्यांना फोन करून हे सांगणं, ते दहा मिनिटांचं बोलणं, मी आजही विसरलेलो नाही. तेव्हापासून कार्ड अर्ध्यावर आलं की बदलतो आणि घरी पोचल्यावर झोपण्याआधी दोन ठिकाणी उतरवतो. कार्ड त्यानंतरही आठवडाभर पुसत नाही.

तयारी: शक्य असेल तर त्याच सभागृहात आधी जाऊन या, दिवे लावायला सांगा, दहा फोटो काढा. कार्यक्रमपत्रिका मागा आणि कुठला क्षण चुकून चालणार नाही ते मैत्रिणीकडून लिहून घ्या. फ्लॅश चालेल का ते विचारा. नृत्यात मी कधीच वापरत नाही.

सेटिंग: ५० मिमी, एफ २ ते २.८. भाषणाला १/१२५ पुरे, नृत्याला १/२५० ते १/५००. आयएसओ ३२०० ला घाबरू नका. दाणेदार फोटो चालतो, हललेला फेकावा लागतो. मागे काळा पडदा आणि चेहऱ्यावर झोत असेल तर मीटर फसतं, चेहरा पांढराफटक येतो. स्पॉट मीटरिंग (एका ठिपक्यापुरता उजेड मोजणं) चेहऱ्यावर घ्या किंवा -१ द्या. रॉमध्येच (सेन्सरची मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल) काढा. मूक इलेक्ट्रॉनिक शटर लावलं आणि फोटोत आडवे पट्टे आले, तर ते एलईडीचं लुकलुकणं असतं. वीज ५० हर्ट्झची असेल तर १/५० किंवा १/१००, ६० हर्ट्झची असेल तर १/६० किंवा १/१२५ वर या, नाहीतर यांत्रिक शटर वापरा.

एका जागी खिळू नका, पण वक्त्यासमोरून सारखं ये-जाही नको. पूर्ण सभागृह, मग रंगमंच, मग चेहरा, मग हात. आणि दर दहा मिनिटांनी पाठ फिरवून प्रेक्षक बघा. बऱ्याचदा कार्यक्रमातला सगळ्यात चांगला फोटो तिसऱ्या रांगेत बसलेला असतो.

---

नवी_काच

अठरा दिवसांनी परत आले. सगळ्यांचे प्रतिसाद छापून भिंतीवर लावलेत.

मैत्रिणीशी बोलले. मुख्य छायाचित्रकार ठरलेले आहेत, मी सोबत. जीव भांड्यात पडला.

वस्तूंचे १४० फोटो काढले, सहा ठेवले. काळ्या पुठ्ठ्याचं पटलं. मग बाबांना खिडकीशी बसवलं. पहिली दहा मिनिटं ते ओळखपत्राच्या फोटोला बसल्यासारखे. काजळरेघ, तुमचं वाक्य आठवलं आणि त्यांच्यापुढे बंद पडलेलं भिंतीवरचं घड्याळ आणि पेचकस ठेवला. पाच मिनिटांत ते मला विसरले.

प्रचि (प्रकाशचित्र) १: बाबा घड्याळ उघडताना, ५० मिमी, एफ ४, १/१२५, आयएसओ ८००.
प्रचि २: फक्त हात आणि पेचकस, एफ ५.६.
प्रचि ३: स्क्रू पडला तेव्हा वर बघितलेला चेहरा. चश्म्यात खिडकी पूर्ण दिसतेय, डोळे दिसतच नाहीत. हा मला सगळ्यात आवडलाय आणि तोच बिघडलाय. यावर काय उपाय?

---

काजळरेघ

प्रचि २ बघून मी खुर्चीत सरळ बसले! नखांवरचा उजेड बघ.

चश्म्यासाठी: उजेड ज्या कोनातून काचेवर पडतो त्याच कोनातून परत जातो. तो परत जाणारा उजेड लेन्समध्ये आला की चकाकी. म्हणून तीन पर्याय. खिडकीचा खालचा अर्धा भाग झाक, म्हणजे उजेड वरून येईल. किंवा चश्म्याच्या काड्या कानावरून थोड्या, अगदी बोटभर, वर उचल, काचा खाली झुकतात. किंवा तू खिडकीच्या बाजूने दोन पावलं सरक आणि चकाकी कुठे जाते ते बघत राहा. चश्मा काढायला मात्र सांगू नकोस, रोज चश्मा लावणारा माणूस त्याशिवाय वेगळाच दिसतो.

प्रचि ३ पुसू नकोस. कृष्णधवल करून बघ.

---

नवी_काच

केलं. बाबांनी तो फोटो मोबाइलवर मागून घेतला.

---

नवी_काच

काल कार्यक्रम झाला. ६१२ फोटो, दोन कार्डं, दोन्ही रात्रीच उतरवली. मैत्रिणीला ७० देणार आहे. ग्रूप फोटो चौदा जणांचा, मधली_रांग यांच्या हिशोबाने सात हवे होते, नऊ काढले. सातव्यात सगळ्यांचे डोळे उघडे!

नृत्यात मात्र एलईडीचा जांभळा-निळा झोत होता. चेहरे गडद जांभळे, त्वचेचा पोतच गेलाय. व्हाइट बॅलन्स पार टोकाला नेलं तरी माणूस दिसत नाही. रॉ फाइल आहेत. काही करता येईल का?

---

उन्हाची_तिरीप

एकरंगी एलईडीत फक्त तेवढाच रंग असतो. फोटोतल्या लाल, हिरव्या, निळ्या थरांपैकी (चॅनेल) लाल आणि हिरव्या चॅनेलमध्ये फारसं काही नोंदलंच गेलेलं नसतं, म्हणून व्हाइट बॅलन्सला धरायला काही उरत नाही. आधी हिस्टोग्राममध्ये (गडद ते उजळ छटांचा आलेख) निळा चॅनेल उजवीकडे भिंतीला आपटलाय का बघा. आपटला असेल तर एक्स्पोजर खाली घ्या, मग निळ्या-जांभळ्याचं सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा भडकपणा, निम्म्यावर आणा. त्वचेचा थोडा पोत परत येईल. तरी नाही आला तर कृष्णधवल करा, आणि करताना तिन्ही चॅनेल वेगवेगळे बघून ज्यात चेहरा सर्वांत स्वच्छ आहे त्याच्यावर भर द्या.

पुढच्या वेळी असा झोत दिसला की अर्धा-एक स्टॉप कमी ठेवा आणि रंग बदलण्याची वाट बघा. बहुतेक नृत्यांत मधूनच एकदा पांढरा झोत येतो, त्या काही सेकंदांसाठी बोट बटणावर ठेवून थांबायचं.

प्रेक्षकांचे काढलेत का? ते आधी टाका.